ताणावर सोडलेलं लिंबू

आमच्या डोंबिवलीत थंडी येते म्हणजे काय, तर पहाटे पंखा तीनवरून एकवर येतो आणि खोबरेलाची बाटली दोन-चार दिवस उन्हात ठेवावी लागते. स्वेटर कपाटातून निघतात. त्यांचा डांबरगोळ्यांचा वास जायच्या आत ते परत कपाटात जातात. एवढ्याशा थंडीचं कुणी कौतुक करत नाही. मी मात्र दिवाळी संपली की तिची वाट बघायला लागते, कारण याच दिवसांत आमच्या बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यातलं कागदी लिंबाचं झाड ताणावर सोडायचं असतं.

ताणावर सोडायचं म्हणजे पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं आधी कडेने वळतात, मग पिवळी पडतात, मग गळायला लागतात. निम्मी पानं गळून झाड ओकंबोकं झालं की एक दिवस आळं भरून पाणी द्यायचं, आणि मग फुलं येतात. ज्या लिंबाला रोज वेळेवर पाणी मिळतं ते नुसतं पानांनी माजतं, फुलायचं त्याच्या मनातच येत नाही. हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी शिकवलं. शिकवलं म्हणताना मला अजून ओशाळायला होतं. ज्या हिवाळ्यात त्यांना माझी सगळ्यात जास्त गरज होती, त्या हिवाळ्यात मी त्यांचं काम चोरून बिघडवत होते.

आज रविवार. बाबा झाडासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत, कानाला मफलर, हातात काठी. ऐंशी पूर्ण झालीत. हात थरथरतो, म्हणून छाटणीची कात्री आता माझ्या हातात असते. या कात्रीला ते सिकेटर म्हणतात, आणि तिने घरातली दुसरी कुठलीही वस्तू कापलेली त्यांना खपत नाही. मी एकदा तिने दुधाची पिशवी कापली होती. त्याचा उल्लेख अजून होतो.

"ती नाही, तिच्या मागची."

"ही?"

"अगं वैशाली, ती फळाची काडी आहे. तिला कशाला मारतेस? तो पाणसोट धर."

पाणसोट म्हणजे खोडातून सरळ वर निघालेला फुटवा. जाडजूड, गर्द हिरवा, लांब काट्यांचा. सगळ्या झाडात दिसायला तोच देखणा असतो. खातो सगळ्यांत जास्त आणि फळ मात्र देत नाही. "प्रत्येक घरात एक असतो," बाबा म्हणतात आणि मान वर करून दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीकडे बघतात. तिथे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, चहा पीत मोबाइल बघत असतो. पाणसोट मी बुडातून कापते, तिरका, म्हणजे कापल्या जागी पाणी साचत नाही. वाळलेल्या काड्या कापते, एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांतली एक कापते. मग मोरचूद आणि चुना कालवून केलेला निळा लेप प्रत्येक जखमेवर ब्रशने लावते. कापलेल्या लिंबाच्या काडीचा वास हाताला दिवसभर राहतो. दुपारी भाकरी थापताना तो पिठात उतरतो आणि मला वाटतं, थंडीचा खरा वास हाच.

बाबा आंबिवलीजवळच्या एका कंपनीच्या कॉलनीत माळी होते. साहेब लोकांच्या बंगल्यांमागे पेरू, चिकू, लिंबं, सीताफळं होती, ती सगळी त्यांच्या हाताखालची. घर मोहन्याच्या चाळीत. तिथे दाराबाहेर एक पायरी आणि पायरीवर तेलाच्या डब्यात लावलेली कोरफड, एवढीच जमीन. कॉलनीतल्या झाडांची नावं साहेबांवरून पडलेली असायची. देसाई साहेबांचा चिकू. मेनन साहेबांचा पेरू. साहेबाची बदली झाली की झाडाचंही नाव बदलायचं, माळी तोच. बाबा आजही त्या झाडांच्या गोष्टी सांगतात तेव्हा अशीच नावं घेतात, आणि पस्तीस वर्षांच्या त्या गोष्टींत गायकवाडांचं, म्हणजे त्यांचं स्वतःचं, एकही झाड नसतं.

मेनन साहेबांच्या पेरूची गोष्ट ते क्वचित सांगतात. नव्या आलेल्या साहेबांना गाडीसाठी शेड हवी होती आणि पेरू मध्ये येत होता. फळांनी लगडलेला पेरू. कॉन्ट्रॅक्टरची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली तेव्हा बाबांनी त्यांना अडवलं नाही. ते फक्त म्हणाले, मी तोडतो. आधी फळं उतरवली, मग वरून एकेक फांदी, शेवटी खोड. ओळखीच्या हाताने तोडलं की झाडाला कमी लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी हे ऐकते तेव्हा मला त्या पेरूपेक्षा बाबांच्या त्या दिवशीच्या हातांचं वाईट वाटतं.

आम्ही डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा बाबा मोहन्याहून मांडीवर एक काळी पिशवी धरून आले. आत वीतभर लिंबाचं रोप. त्यांनी ते बुद्धपौर्णिमेला बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यात लावलं आणि संध्याकाळी खीर वाटताना सगळ्या मजल्यांवर सांगून आले, "खाली लिंबू लावलंय." माझं लिंबू असं म्हणाले नाहीत. जागा सोसायटीची, म्हणून झाड सोसायटीचं. तरी रोज सकाळी पहिला चहा ते कपबशी हातात घेऊन त्या रोपापाशी उभे राहूनच प्यायचे.

सात वर्षं त्याला एक लिंबू लागलं नाही. गच्चीतली टाकी भरून वाहिली की पाणी बरोबर त्याच कोपऱ्यात पडायचं आणि माती बारा महिने ओली राहायची. झाड माजलं. काटे मात्र भरघोस आले. दोन स्कूटर पंक्चर झाल्या, एका बाईच्या साडीचा पदर फाटला, आणि सोसायटीच्या सभेत कर्णिकांनी विषय काढला. कर्णिक आमचे त्या वेळचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अत्यंत सभ्य. सभ्य माणूस झाड तोडायला निघतो तेव्हा त्याच्याशी भांडताही येत नाही.

"गायकवाड, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण सात वर्षांत एक फळ नाही. आपल्याला स्कूटर ठेवायला जागा हवी आहे. पुढच्या ऑगस्टच्या सभेपर्यंत वाट पाहू. तेव्हाही फळ नसेल, तर काढून टाकू."

बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, साहेब."

त्या साहेब शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, स्वतःच्या मुलाच्या फ्लॅटखाली उभे आहेत, आणि तरी साहेब. जिना चढताना मी काहीतरी बोलणार होते. पण बाबांनी मध्येच थांबून विचारलं, "नोव्हेंबर लागलाय ना?" आणि बोटांवर महिने मोजायला लागले. तेव्हा मला कळलं, हा माणूस हरलेला नाही. याला फक्त एक हंगाम हवा आहे.

त्यांनी टाकीच्या पाइपला जोड लावून पाणी गटाराकडे वळवलं. अर्धं झाड छाटलं, इतकं की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. निळे लेप लावले. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं, "लिंबू ताणावर सोडलंय. कुणी पाणी घालू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडायला लागली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्यावर उघडते. सकाळी पोळ्या करताना मी एकदा तव्याकडे बघायची आणि एकदा खाली. एक पान गळायचं, दुसरं गळायचं. मला झाडाची दया येत होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती. हे झाड ताणातच मेलं तर बाबांचं काय होईल? ऑगस्टची वाटही बघायला नको, कर्णिकांचं काम आपोआपच होईल. एक दिवस मी नोकरीला, शाळेच्या ऑफिसला, जायला निघाले आणि जाता जाता तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतलं. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच म्हटलं. मग ते रोजचंच झालं.

बाबा मातीत बोट खुपसून आतली चिमूटभर माती काढायचे, मुठीत दाबायचे आणि मूठ उघडायचे. ताण नीट बसला असेल तर ती माती भुरभुर सुटायला हवी. त्यांच्या तळहातावर रोज गोळा व्हायचा. दहा दिवस, पंधरा दिवस, गोळाच. पानं थोडी गळली आणि थांबली, वर कोवळे कोंब दिसायला लागले. बाबांचं जेवण कमी झालं. एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मला सगळं विसरायला झालं की काय गं?" मी भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहिले. बोलायला हवं होतं, बोलले नाही. ती माझी लाज अजून गेलेली नाही.

याच दिवसांत समोरच्या फ्लॅटमधल्या एक बाई जिन्यात बाबांना म्हणाल्या, "काका, लिंबाला बायकांची सावली चालत नाही. त्यातून त्या चार दिवसांत तर अजिबात नाही. तुमची सून सारखी तिथे असते ना." बाबा हसले. "सावलीचं आम्हाला नका सांगू ताई," ते म्हणाले. "सावलीची भानगड ऐकूनच आमचे आजोबा गाव सोडून इकडे आले." बाईंनी घाईने पिशवी उचलली. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्याकडे तिळाचे लाडू पाठवले, जरा जास्तच.

शेवटी बाबांनी निष्कर्ष काढला, जमिनीखालचा पाइप गळत असणार. पाइप म्हणजे सोसायटीचा विषय, म्हणून कर्णिक स्वतः प्लंबर घेऊन आले. रविवारची सकाळ होती. प्लंबरने झाडाच्या बाजूने खड्डा खणला. बाबा, कर्णिक आणि मी भोवती उभे. तळमजल्यावरच्या पाटील आजी खिडकीच्या जाळीला तोंड लावून बघत होत्या. ही बिल्डिंग व्हायच्या आधीपासून त्यांचं घर इथेच होतं, त्यामुळे आवारात काही खणलं की त्यांना ते बघावंच लागतं.

प्लंबर खड्ड्यातून वर आला. "काका, लीकेज नाय. पाइप एकदम सुका आहे. पाणी वरून येतंय, कोणतरी टाकतंय."

मी आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग बाबांच्या तळहाताकडे. त्या तळहातावर मातीचा गोळा तसाच होता.

"बाबा, मी घालते," मी म्हटलं. "सकाळी जाताना. एक तांब्या."

बाबा काही बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला. "मी पन घालतंय गो बाय, तांदलाचं धुवन. झार सुकतंय, डोल्यांनी बगवत नाय."

कर्णिकांनी घसा साफ केला. ते प्लंबरकडे बघत होते, पण बोलत आमच्याशी होते. "मी सकाळी फिरून येतो तेव्हा बाटलीत थोडं पाणी उरलेलं असतं. फेकून देण्यापेक्षा... रोज नाही. बहुतेक रोज."

बाबांनी एकेकाकडे बघितलं. माझ्याकडे बघताना थोडं जास्त वेळ. मग ते खड्ड्याच्या कडेला मातीतच बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "साहेब, तुम्ही पण?" ते म्हणाले. "तोडायला निघालेला माणूस पाणी घालतोय, मग झाडाने फुलायचं तरी कशाला?" प्लंबरला यातलं काही कळलं नाही, तोही हसत होता.

जिना चढताना ते माझ्या दोन पायऱ्या पुढे होते. मागे न बघता म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." मी नुसतं हो म्हटलं. माफी मागायची होती, पण त्यांच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की ती मिळालेली आहे.

त्या हिवाळ्याचा मी पुष्कळ विचार करते. एखाद्याची काळजी वाटली की आपला हात आधी पुढे जातो. मुलाच्या ताटात पोळी जाते, म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी आपण ओढून घेतो, सुकलेल्या झाडाला पाणी घालतो. पुढे केलेला हात दिसतो आणि आपल्यालाही बरं वाटतं. हात मागे ठेवून नुसतं उभं राहणं मला फार जड जातं. जाणत्या माणसाला ते जमतं, कारण त्याचा समोरच्या जिवावर भरवसा असतो. माझा भरवसा झाडावर नव्हता आणि बाबांवरही नव्हता, हे मान्य करायला मला वेळ लागला.

नव्याने ताण सुरू केला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. या वेळी पाटील आजींनी खिडकीला पडदा लावला, म्हणजे झाड दिसायलाच नको. कर्णिक उरलेलं पाणी बिल्डिंगमध्ये शिरायच्या आधीच, गेटपाशी पिऊन टाकायचे. मी पोळ्या करताना खिडकी बंद ठेवायला लागले आणि घामाघूम झाले. फेब्रुवारीच्या अखेरीला झाडावर मोजकी पानं उरली. बाबांनी मूठ उघडली आणि माती बोटांतून भुरभुर खाली पडली. त्यांनी मला हाक मारली, आजींना हाक मारली, कर्णिकांना इंटरकॉमवरून बोलावलं. "आता घाला," ते म्हणाले. "काय घालायचं ते घाला."

पहिली कळशी आजींनी ओतली. मातीने पाणी पिताना जो आवाज केला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मार्चमध्ये फुलं आली. पांढरी, बाहेरून किंचित जांभळट, नखाएवढी. संध्याकाळी खिडकी उघडली की फोडणीच्या वासात तो वास मिसळायचा आणि आमटी करता करता मी उगाच खिडकीशी उभी राहायची. गटाराचा वास तेवढे दिवस कुठे गेला होता कोण जाणे. फुलांची फळं झाली, मिरीएवढी, मग बोराएवढी. मेच्या उन्हात निम्मी गळली आणि बाबांनी गळलेल्या प्रत्येकाकडे बघून "असू दे" म्हटलं. ऑगस्टपर्यंत चाळीसेक टिकली. हिरवीगार, पिकायची होती अजून.

मग सभेची नोटीस लागली. विषय चौथा: आवारातील लिंबाच्या झाडाबाबत. बाबांनी ती नोटीस चष्मा लावून तीनदा वाचली. "हिरवी फळं सभेत धरतात की नाही, कोण जाणे," एवढंच म्हणाले. सभेच्या संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तरी खाली यायला तयार होईनात. "तू जा," म्हणाले. मी एकटी गेले.

चौथा विषय आला आणि कर्णिक म्हणाले, "फळं पिकत आली आहेत. वाटप कसं करायचं, ते ठरवू." एवढ्याने आग लागली. कुणी म्हणालं, प्रत्येक फ्लॅटला सारखी. कुणी म्हणालं, माणसं मोजा, आमच्याकडे सात जण आहेत. सावलीवाल्या बाई म्हणाल्या, लोणच्यासाठी एकत्रच घाला, मी घालून देते. पाटील आजी म्हणाल्या, धुवन कोनी घातलं? आवाज चढले. पार्किंगच्या छपराखाली घुमायला लागले.

हे आवाज वर बाबांपर्यंत गेले, शब्द गेले नाहीत. ते जिन्यातून खाली आले, इस्त्रीच्या शर्टात, हातात करवत. मला बघूनही त्यांनी बघितलं नाही. सरळ कर्णिकांसमोर उभे राहिले.

"साहेब, तोडायचंच असेल तर मी तोडतो," ते म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टरला बोलवू नका."

मला मेनन साहेबांचा पेरू आठवला. कर्णिक खुर्चीतून उठले. त्यांनी बाबांच्या हातातून करवत हळूच काढून घेतली आणि स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली.

"अहो गायकवाड, तोडतंय कोण? इथे वाटणीवरून भांडण चाललंय. बसा तुम्ही."

बाबा बसले. मग ते म्हणाले, "पिवळं झाल्याशिवाय एकही लिंबू कुणी काढायचं नाही." हा आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. या वाक्याच्या शेवटी साहेब नव्हतं. सभेने ते एकमताने मान्य केलं.

त्यालाही आता पाच वर्षं झाली. कर्णिक चेअरमन राहिले नाहीत, आजी काठी घेऊन चालतात, स्कूटर दुसऱ्या बाजूला लागतात. आज सकाळी छाटणी आटपून मी स्टुलावरून उतरले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन झाडाकडे येत होती. कर्णिक फिरून परतत होते, त्यांनी तिला वाटेतच थांबवलं.

"अहो काका, झाड मरतंय हे," ती म्हणाली.

"मरत नाही. ते गायकवाडांचं झाड आहे. त्यांनी सांगेपर्यंत कुणी पाणी घालत नाही."

ती मुलगी "सॉरी हं" म्हणून गेली. मी वाकून मातीत बोट खुपसलं, चिमूटभर माती काढली, मुठीत दाबली. मूठ उघडली तर माती सुटून पडली. वीस बिऱ्हाडांत कुणीही चोरून पाणी घातलेलं नव्हतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "काय म्हणाले गं कर्णिक?"

"पाणी घालू नका म्हणाले."

"ते नाही. त्याच्या आधी."

"गायकवाडांचं झाड आहे म्हणाले."

बाबांनी मफलर कानावरून खाली ओढला. "काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी परत सांगितलं, जरा मोठ्याने.